पासवर्डचे पथ्यापथ्य : वैद्य व औषधविक्रेत्यांच्या खात्यांची सुरक्षा

चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दीक्षा देताना आचार्य जे आदेश देतात, त्यांत रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत, असा स्पष्ट आदेश आहे. त्या काळी वैद्याने जिभेवर ताबा ठेवला की या आदेशाचे पालन होत असे. आज रुग्णाचा केसपेपर संगणकात, तपासणीचे अहवाल व्हॉट्सअ‍ॅपवर आणि औषधांची देयके बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात. वैद्य मौन पाळतो, पण त्याचा पासवर्ड दुबळा असेल तर रुग्णाचे गुपित बाहेर पडतेच. म्हणून हा विषय केवळ संगणकतज्ज्ञांचा न राहता वैद्यधर्माचाही झाला आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचा विचार आपल्याला परिचित अशा निदान-चिकित्सेच्या क्रमाने करीत आहोत.

व्याधीचे स्वरूप

डिसेंबर २०१६ मध्ये मुंबई परिसरातील एका रोगनिदान प्रयोगशाळेचे सुमारे ४३,००० अहवाल इंटरनेटवर कोणालाही वाचता येतील असे उघडे पडले. त्यांत एचआयव्ही तपासणीचेही अहवाल होते. कोणी कुलूप फोडले नव्हते. कुलूपच लावलेले नव्हते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे पाच सर्व्हर खंडणीखोर सॉफ्टवेअरने बंद पाडले आणि रुग्णनोंदणी कित्येक दिवस हाताने करावी लागली. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये अवघ्या तीन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रुपये लांबविण्यात आले.

या तिन्ही प्रसंगांत दोष संस्थांच्या यंत्रणेत होता, ग्राहकाच्या किंवा रुग्णाच्या हाती काही नव्हते. हा आगंतुज व्याधी होय. तो आपल्याला सर्वस्वी टाळता येत नाही. परंतु एका ठिकाणी फुटलेली माहिती आपल्या इतर खात्यांपर्यंत पसरू द्यावयाची की नाही, हे मात्र आपल्याच हाती असते.

हेतू

आपल्या व्यवसायात वारंवार आढळणारे हेतू पुढीलप्रमाणे आहेत.

१. मोबाइल क्रमांक, जन्मसाल, मुलांची नावे किंवा चिकित्सालयाच्या नावापुढे १२३ असा पासवर्ड ठेवणे. यांतील बहुतेक माहिती आपल्याच लेटरहेडवर आणि पाटीवर छापलेली असते.

२. ई-मेल, बँक, औषधांची ऑनलाइन खरेदी आणि जीएसटी या सर्वांना एकच पासवर्ड वापरणे.

३. पासवर्ड काउंटरवरील संगणकाला चिठ्ठीने चिकटविणे, किंवा नोकरी सोडून गेलेल्या सहायकाला ठाऊक असलेला पासवर्ड तसाच चालू ठेवणे.

४. जीएसटीची नोंदणी करताना कर सल्लागाराचाच मोबाइल व ई-मेल देणे. तसे केल्यास आपल्या खात्याचा ओटीपी आपल्याकडे येतच नाही. खात्यातून खोटी देयके निघाली तर त्याची नोटीस मात्र दुकानमालकाच्या नावाने येते.

संप्राप्ती

सुश्रुताचार्यांनी वर्णिलेले क्रियाकाल येथे चांगले लागू पडतात. फुटलेल्या माहितीच्या याद्या प्रथम चोरांकडे साठतात, हा संचय. मग त्या विकल्या जातात व सर्वत्र फिरतात, हा प्रसर. त्यानंतर यादीतील ई-मेल व पासवर्डची जोडी यंत्राच्या साहाय्याने शेकडो संकेतस्थळांवर लावून पाहिली जाते. जेथे तोच पासवर्ड पुन्हा वापरलेला असतो, तेथे जणू खवैगुण्य असते आणि दोषाचा स्थानसंश्रय तेथेच होतो. लिंक्डइन या संकेतस्थळावरून २०१२ मध्ये चोरलेले ११ कोटींहून अधिक पासवर्ड २०१६ मध्ये विक्रीस आले होते. संचय आणि व्यक्ती यांमध्ये चार-चार वर्षेही जाऊ शकतात, हे यावरून ध्यानात यावे.

दुसरा मार्ग पासवर्ड ओळखण्याचा. सेकंदाला १०० कोटी प्रयत्न करणारे यंत्र चोराच्या हाती आहे असे गृहीत धरू. दहा अंकी मोबाइल क्रमांकाच्या सर्व शक्यता ते दहा सेकंदांत संपविते. इंग्रजी लहान लिपीतील कोणत्याही आठ अक्षरांना साडेतीन मिनिटे पुरतात. तीच अक्षरे बारा असतील तर तीन वर्षे लागतात आणि सोळा असतील तर तेरा लाखांहून अधिक वर्षे. बळ लांबीत आहे, एखाद्या विचित्र चिन्हात नाही. मात्र ही अक्षरे यदृच्छेने निवडलेली हवीत. नेहमीचा शब्द किंवा नाव असेल तर यंत्राला एवढे श्रम पडत नाहीत.

पूर्वरूप व रूप

न मागता आलेला ओटीपी, आपण न केलेल्या लॉगिनची सूचना, मोबाइलचे नेटवर्क अचानक नाहीसे होऊन दीर्घकाळ परत न येणे ही पूर्वरूपे होत. शेवटच्या लक्षणात आपल्या नावाने दुसरे सिमकार्ड निघाले असण्याचा संभव असतो. आपल्या खात्यावरून परिचितांना पैशांची मागणी जाणे, पासवर्ड लागू न पडणे आणि अनोळखी व्यवहार दिसणे ही प्रत्यक्ष रूपे होत. पूर्वरूपातच उपाय केल्यास साध्यता अधिक, हे येथेही तितकेच खरे आहे.

चिकित्सा

निदानपरिवर्जन हीच मुख्य चिकित्सा होय.

प्रथम त्रिमर्म सांभाळावेत. शिर, हृदय आणि बस्ती यांप्रमाणे आपल्या व्यवहारात ई-मेल, मोबाइल क्रमांक आणि बँक खाते ही मर्मस्थाने आहेत. त्यांतही ई-मेल सर्वांत महत्त्वाचे. कारण इतर बहुतेक खात्यांचा पासवर्ड बदलण्याची वाट तेथूनच जाते. या तिन्हींशी संबंधित पासवर्ड अन्य कोठेही वापरू नयेत.

पासवर्डसाठी परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्यावेत. उदाहरणार्थ खलबत्ता, पायरी, जांभूळ, तिकीट, वादळ. छापून आलेले हे उदाहरण अर्थातच कोणी वापरू नये. खाती अनेक असल्यास पासवर्ड मॅनेजर हे साधन वापरावे. ते न जमल्यास स्वतंत्र वहीत लिहून ती घरी कुलपात ठेवावी. काउंटरवरील चिठ्ठीपेक्षा हे कितीतरी बरे. पासवर्ड दर महिन्याला बदलण्याची आवश्यकता नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ मध्येच तसा सल्ला मागे घेतला, कारण सक्तीने बदलणारा मनुष्य शेवटचा आकडा तेवढा बदलतो. पासवर्ड फुटल्याची शंका येताच मात्र तो तत्काळ बदलावा. आपला ई-मेल एखाद्या फुटलेल्या यादीत आहे काय, हे 'हॅव आय बीन पोन्ड' या २०१३ पासूनच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते.

द्विस्तरीय पडताळणी सर्वत्र सुरू करावी. आपल्या शहराजवळील देवगिरीचा किल्ला एका तटावर विसंबून नव्हता. अंबरकोट, महाकोट, कालाकोट, त्यानंतर कातळात कोरलेला खंदक आणि शेवटी अंधारी वाट, अशी त्याची रचना आहे. एक तट पडला तरी दुसरा उभा राहावा, हाच द्विस्तरीय पडताळणीचा हेतू. ई-वे बिल व ई-इन्व्हॉइसच्या संकेतस्थळांवर १ एप्रिल २०२५ पासून ती सर्व करदात्यांना लागू झाली आहे. व्हॉट्सअ‍ॅपमध्येही सहा अंकी पिन ठेवण्याची सोय आहे. मात्र हा दुसरा तट आपणच उघडून दिला तर उपयोग नाही. ओटीपी कोणालाही, अगदी बँकेचे नाव सांगणाऱ्यालाही, सांगू नये. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही, ही गोष्ट काउंटरवरील प्रत्येकाला सांगून ठेवावी.

चिकित्सालयात व दुकानात प्रत्येक कर्मचाऱ्याचे लॉगिन वेगळे असावे आणि तो काम सोडेल त्याच दिवशी ते बंद करावे. नोंदींची एक प्रत नेटवर्कपासून अलग ठेवलेल्या डिस्कवर नियमित घ्यावी. जीएसटी खात्यावरील मोबाइल व ई-मेल स्वतःचेच आहेत काय, हे आजच तपासावे.

आत्ययिक अवस्थेत, म्हणजे पैसे गेल्याचे कळताच, १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर व आपल्या बँकेला ताबडतोब कळवावे. रक्कम पुढील खात्यांत सरकण्यापूर्वी ती गोठविता आली तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून येथे एकेक मिनिट मोलाचे आहे. त्यानंतर अन्य सुरक्षित यंत्रावरून प्रथम ई-मेलचा व मग बँकेचा पासवर्ड बदलावा.

उपसंहार

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीच्या सुरक्षेत हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. परंतु वैद्याला दंडाच्या भयाची गरज पडू नये. जो रुग्ण आपल्या घरातल्यांनाही न सांगितलेली गोष्ट आपल्यासमोर बोलतो, त्याच्या विश्वासाला आपल्या आळसामुळे तडा जाऊ नये, एवढे पुरे आहे. सर्व वैद्यबंधु-भगिनींनी व औषधविक्रेत्यांनी या अंकाचे वाचन संपताच किमान आपल्या ई-मेलचा पासवर्ड तपासावा, ही विनंती.