परिक्रमेच्या वहीचं पुस्तक करताना

नर्मदा परिक्रमा करून आलेल्या मराठी माणसाच्या झोळीत वही असते आणि डोक्यात आधी वाचलेली पुस्तकं. लिहायला बसलं की दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि आपण पाहिलेलं कुठे संपलं, वाचलेलं कुठे सुरू झालं हे लिहिणाऱ्यालाच उमगत नाही. पहिला खर्डा पुरा झाल्यावर शेजारी वही उघडून मी ओळ न् ओळ ताडून पाहिली, तेव्हा मला याचा अंदाज आला. आता कोणी परिक्रमेचं किंवा हिमालयातल्या भटकंतीचं हस्तलिखित वाचायला आणलं, की मी आधी वही मागते.

शूलपाणीच्या झाडीचंच घ्या. गोनीदांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा', जगन्नाथ कुंटे यांचं 'नर्मदे हर हर' हे आपल्यापैकी कितीतरी जण घरून वाचूनच निघतात. त्यात आश्रमाआश्रमांतून ऐकलेल्या गोष्टींची भर पडते. माझ्या खर्ड्यात शूलपाणेश्वराच्या जुन्या देवळाचं, पायऱ्यांसकट, चांगलं लांबलचक वर्णन उतरलं होतं. ते देऊळ सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलंय आणि देवाची नवी स्थापना गोरा इथे झालीय. १३८.६८ मीटर उंचीचं ते धरण २०१९च्या सप्टेंबरात पहिल्यांदा काठोकाठ भरलं. मी त्यानंतर गेले होते. त्या दिवशी वहीत एवढंच लिहिलंय: 'रस्ता डांबरी, ऊन फार, टपरीवर चहा. खाली नुसतं पाणी.' वर्णन सगळं काढलं आणि 'खाली नुसतं पाणी' ठेवलं. मग त्या पाण्याखाली काय काय गेलं याची चौकशी केली आणि ते प्रकरण नव्याने लिहिलं.

त्याच भागात 'मामा', म्हणजे तिथले भिल्ल, परिक्रमावासीयांना लुटतात, ही गोष्ट तर ठरलेलीच. खर्डा वाचलेल्या एका प्रकाशकांनीही सुचवलं, इथे थोडा थरार वाढवा. पण माझ्या वहीत लुटल्याची नोंद नाही. वाट चुकल्यावर एका भिल्ल मुलाने माझी झोळी स्वतःच्या खांद्यावर घेऊन मला फळीपर्यंत, म्हणजे वस्तीपर्यंत, आणून सोडलं, ही नोंद आहे. ज्यांनी खाऊ घातलं, वाट दाखवली, त्यांच्या माथी ऐकीव चोरी मारणं हे पाप आहे, असं मला वाटतं. साहसाच्या पुस्तकात थरार हवाच, पण तो तुमच्यावर गुदरलेला हवा. दुसऱ्याचा उसना आणू नका.

ताडून पाहायला वहीशिवाय आणखी दोन साधनं आहेत: दिशा आणि तिथी. परिक्रमेत नर्मदा मैया कायम उजव्या हाताला. म्हणजे ओंकारेश्वराहून दक्षिण तटाने समुद्राकडे निघालात की सकाळचं ऊन पाठीवर. विमलेश्वरहून नावेने मिठीतलाईला उतरलात आणि उत्तर तटाने अमरकंटककडे वळलात की तेच ऊन तोंडावर. लिखाणात याच्या उलट काही आलं असेल, तर तो प्रसंग दुसऱ्या तटावरचा आहे किंवा मनाने रचलेला आहे. चांदण्याचंही तसंच. त्या वर्षीचं पंचांग जवळ ठेवा. अमावस्येच्या आगेमागे टिपूर चांदणं पडत नाही.

मूळ वहीला मात्र हात लावायचा नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले, १८५७च्या धामधुमीत सापडले, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनी ते सारं लिहून काढलं. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी 'माझा प्रवास' छापला तो मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखित जपलं गेलं म्हणून दत्तो वामन पोतदारांना १९६६ साली गोडसे भटजींचा स्वतःचा मजकूर वाचकांपुढे ठेवता आला. तुमच्या वहीचे फोटो काढा, एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा, मग खर्ड्यात हवी तेवढी काटछाट करा.

आणि काटछाट लागतेच. पहाटे स्नान, आरती, चालणं, चहाप्रसादी, पुन्हा चालणं, सदाव्रताचा शिधा मिळाला तर शिजवणं, संध्याकाळी आसन लावणं. रोजचा क्रम एकच. तो एकदा सावकाश, हातचं न राखता लिहावा. पुढे तो मोडेल तेव्हाच त्याची आठवण काढावी. फाईलमध्ये आपला लाडका शब्द शोधून पाहा. माझा 'सोनेरी' निघाला. घाट कुठलाही असो, सूर्य कलला की मैयाचं पात्र सोनेरी किरणांत उजळून निघे. त्यातल्या एका घाटाची वहीतली नोंद अशी होती: 'पाणी गढूळ. पायरीवर शेवाळ, खांब धरून उतरले. आजीकडचं मीठ संपलेलं. अळणी टिक्कड, वर हिरवी मिरची. तिने स्वतः खाल्लं नाही, म्हणाली उपास.' पुस्तकात आता हेच आहे, जवळजवळ जसंच्या तसं.

ज्यांच्या ओसरीवर आसन लावलं, त्यांच्याबद्दल लिहिताना जास्त जपावं लागतं. एका घरी रात्री चुलीपाशी घरच्या बाईंनी जावयाच्या दारूचं सगळं मला सांगितलं. त्या परिक्रमेतल्या माताजींशी बोलत होत्या, लेखिकेशी नव्हे. नुसतं नाव बदलून भागत नाही. वडाखालचं दुकान, दारातला हातपंप एवढ्यावरून गाव ओळखू येतं आणि गावावरून घर. मी फोन लावला, मजकूर हिंदीत वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, म्हशीचं आणि दुधाचं राहू दे, बाकीचं काढ. बाकीचं काढलं. ते पान प्रकरणातलं सर्वांत जिवंत होतं, तरीही काढलं. फोन लागत नसेल, तर माणसाच्या घरातलं दुःख छापू नये.

शेवटचं वाचन कागदावर, मोठ्याने आणि पानं लागल्यानंतर करावं. मजकूर युनिकोडमधून छापखान्याच्या फाँटमध्ये जातो तेव्हा जोडाक्षरं मोडतात. दुसऱ्या, पायऱ्या, किनाऱ्यावर यांतला अर्धा र हटकून बिघडतो, आणि नदीच्या पुस्तकात 'किनाऱ्यावर' पानोपानी असतो. नकाशा देणार असाल तर त्यावरचे बाणही तेव्हाच तपासा. दक्षिण तटावर समुद्राकडे, उत्तर तटावर अमरकंटककडे.