बिघाडाचा शोध

यंत्र बंद पडले की बहुतेकांचा धीर सुटतो. कोणी त्यास थापट मारतो, कोणी हाताला येईल ती कळ दाबतो, तर कोणी आपल्या नशिबालाच बोल लावतो. परंतु मुलांनो, यंत्र हे काही रुसलेले मूल नव्हे. ते थांबते तेव्हा त्यास कारण असते; आणि जेथे कारण असते, तेथे ते शोधून काढण्याची वाटही असते. ही वाट कोणती, ते आपण या पाठात पाहू.

पुसेगाव हे हिंगोली जिल्ह्यातील एक गाव. पुसेगावासारख्या गावांतही आज संगणक व प्रिंटर यांवाचून अनेक कामे अडतात. सातबाऱ्याचा उतारा असो, पीक विम्याचा अर्ज असो, अथवा परीक्षेचे प्रवेशपत्र असो, ते कागदावर उमटल्यावाचून मनास स्वस्थता वाटत नाही. दुरुस्ती करणारा माणूस प्रत्येक वेळी हाकेच्या अंतरावर असेलच असे नाही. म्हणून घरच्या घरी बिघाड ओळखता येणे हे आता एक उपयुक्त ज्ञान झाले आहे.

बिघाड शोधण्याची ही विद्या संगणकाइतकीच जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या शास्त्रज्ञांनी बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कामास लागला. तो निर्वात नळ्यांवर चालत असे. अशा यंत्रातील एखादी नळी निकामी झाली, तर इतक्या नळ्यांमधून नेमकी तीच हुडकून काढावी लागे. त्यापूर्वी, ९ सप्टेंबर १९४७ रोजी, अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क-२’ या संगणकात एक पतंग अडकलेला सापडला. तेथील लोकांनी तो बाहेर काढला आणि नोंदवहीच्या पानावर चिकटवून त्याखाली नोंद केली. ते पान आजही तेथील राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवले आहे. पतंगाचे नवल वाटणे साहजिक आहे. पण खरे महत्त्व आहे ते नोंदवहीचे. काय बिघडले व कशाने सुधारले हे ज्यांनी लिहून ठेवले, त्यांचे श्रम पुढच्या वेळी वाचले.

आता एक प्रसंग कल्पून पाहू. समजा, पुसेगावातील एका घरी ताईचा शिष्यवृत्तीचा अर्ज छापावयाचा आहे. उद्या सकाळच्या एस.टी.ने तो हिंगोलीस न्यावयाचा आहे, कारण उद्याच शेवटची तारीख आहे. तिने संगणकास छपाईची आज्ञा दिली. परंतु प्रिंटर स्तब्ध! त्यावरील दिवा तेवढा लागलेला. धाकटा भाऊ अधीर होऊन तीच आज्ञा दहा वेळा देतो आणि म्हणतो, “ताई, प्रिंटर बिघडला. आता अर्ज राहिला!”

ताई मात्र घाबरत नाही. ती प्रथम स्वतःस एकच प्रश्न विचारते : दोष प्रिंटरमध्ये आहे की त्याच्या बाहेर? ती प्रिंटरच्या काचेवर एक जुना कागद ठेवते व प्रिंटरवरीलच नकलेची कळ दाबते. नक्कल स्वच्छ निघते. म्हणजे कागद, शाई आणि प्रिंटर ही तिन्ही निर्दोष ठरली. एका चाचणीने निम्मा संशय दूर झाला. मग ती प्रिंटर व संगणक यांना जोडणारी तार काढून पुन्हा घट्ट बसविते. तरीही छपाई होत नाही. तेव्हा ती संगणकावर छपाईची रांग उघडून पाहते. रांगेच्या अगदी पुढे कालचेच एक काम अडकून पडलेले असते आणि त्याच्या मागे अर्जाच्या अकरा प्रती खोळंबलेल्या असतात! अरुंद गल्लीत पुढची बैलगाडी अडली म्हणजे मागच्या साऱ्या गाड्या थांबतात, तसाच हा प्रकार. ताई अडकलेले काम रद्द करते, जादा दहा प्रतीही काढून टाकते, आणि दुसऱ्याच क्षणी अर्ज छापून बाहेर पडतो.

ताईने काय केले, याचा विचार करा. तिने एका वेळी एकच गोष्ट तपासली. तार, शाई व रांग या सर्वांत तिने एकदम फेरफार केले असते, तर कदाचित प्रिंटर चालू झाला असता. परंतु तो कशामुळे चालू झाला, हे तिला कधीच कळले नसते. आपला शेतकरीही असेच करतो. विहिरीवरील मोटारीने पाणी फेकले नाही, तर तो लगेच पाइप उपसत नाही. वीज आहे काय, मोटारीचा आवाज येतो काय, हे आधी पाहतो आणि मगच विहिरीत उतरतो. सोपे व बिनखर्चाचे ते आधी, अवघड ते नंतर, हा त्याचा नियम संगणकासही लागू पडतो.

संगणक मुळीच सुरू होत नसेल, तर त्याच खटक्यावर दुसरे एखादे उपकरण लावून पाहावे. ते चालले नाही, तर दोष संगणकाचा नसून विजेच्या जोडणीचा आहे. संगणक चालतो, पण पडदा काळा दिसतो, अशा वेळी पडद्याची तार व त्याची स्वतंत्र कळ तपासावी. संगणक तापून वारंवार बंद पडत असेल, तर त्याच्या हवेच्या झरोक्यांत धूळ बसली आहे काय, हे पाहावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही तक्रार विशेष आढळते.

पावसाळ्यात कागद दमट होतो. मग दोन कागद एकदम आत ओढले जातात व अडकतात. अशा वेळी प्रिंटर बंद करून कागद दोन्ही हातांनी हळूहळू, शक्यतो त्याच्या जाण्याच्या दिशेने ओढावा. हिसडा देऊ नये; कारण आत राहिलेला कपटा पुन्हा अडथळा करतो. शाईचा प्रिंटर बरेच दिवस वापरला नाही, तर त्याची सूक्ष्म छिद्रे वाळलेल्या शाईने बुजतात. म्हणून आठवड्यातून एखादे पान छापणे हितावह असते.

आपल्या भाषेपुरती एक निराळीच अडचण आहे. कधी कधी घरी नीट दिसणारा मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर अर्थहीन चिन्हांसारखा दिसतो. येथे यंत्र बिघडलेले नसते. तो मजकूर जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचात लिहिलेला असतो, आणि तो संच दुसऱ्या संगणकावर नसतो. जगातील लिप्यांसाठी एकच संकेतपद्धती असावी म्हणून ‘युनिकोड’ निर्माण झाले. १९९१ च्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासूनच त्यात देवनागरीस स्थान आहे. मराठी मजकूर युनिकोडमध्ये लिहावा, म्हणजे ही अडचण सहसा येत नाही.

मात्र धैर्य आणि धाडस यांतील भेद ओळखावा. विजेचा पुरवठा करणारी संगणकातील पेटी कधीही उघडू नये. तार काढल्यानंतरही तिच्यात काही काळ वीज साठून राहते. लेझर प्रिंटरमधील एक भाग इतका तापतो की बोट भाजते. ओल्या हातांनी खटक्यास स्पर्श करू नये. दुरुस्ती करून देतो असे सांगून कोणी अनोळखी माणूस फोनवर संकेतशब्द मागू लागला, तर तो देऊ नये, वडीलधाऱ्यांस सांगावे. महत्त्वाच्या कागदांची प्रत दोन ठिकाणी ठेवावी, म्हणजे यंत्र गेले तरी आपले श्रम वाया जात नाहीत.

जाणकारास बोलवावेच लागले, तर त्यास केवळ “बिघडले” असे सांगू नये. केव्हा बिघडले, पडद्यावर कोणती सूचना दिसली, आपण काय काय तपासून पाहिले, हे क्रमाने सांगावे. ज्याने नीट पाहिले आहे, त्यालाच नीट सांगता येते. आणि बिघाड नेमका सांगता आला, म्हणजे तो दूर करण्याचे निम्मे काम झालेच म्हणून समजा.

स्वाध्याय

१. प्रिंटरमध्ये दोष नाही, हे ताईने कोणत्या चाचणीवरून ओळखले?
२. एका वेळी एकच गोष्ट का तपासावी? तुमच्या घरातील एखाद्या वस्तूचे उदाहरण देऊन सांगा.
३. ‘धैर्य’ आणि ‘धाडस’ या शब्दांतील अर्थभेद स्पष्ट करून प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.
४. तुमच्या घरी किंवा शाळेत बंद पडलेल्या एखाद्या वस्तूची माहिती जाणकारास कळविणारे पत्र लिहा.