मांडी मोडली, मग डोक्याचा एक्स-रे कशाला?

प्रश्न : माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलाचं मांडीचं हाड सोफ्यावरून उतरताना मोडलं. याआधी हात मोडला होता. डॉक्टरांनी फिल्म पाहिली, नवऱ्याच्या डोळ्यांकडे निरखून बघितलं आणि मुलाच्या डोक्याचा एक्स-रे काढायला सांगितला. असं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : डॉक्टरांना ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, म्हणजे जन्मजात ठिसूळ हाडांच्या आजाराची शंका आली असावी. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला तो असतो. हाडातले क्षार कोलॅजेन या प्रथिनाच्या जाळीवर बसतात. बहुतेक रुग्णांत या प्रथिनाच्या जनुकातच दोष असतो. हेच कोलॅजेन डोळ्याच्या पांढऱ्या भागातही असतं. तो पातळ राहिला की डोळा निळसर दिसतो. आईवडिलांपैकी एकाला हा आजार असेल, तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता सहसा निम्मी असते. म्हणून नवऱ्याच्या डोळ्यांची तपासणी.

आता डोक्याचं. कवटीच्या हाडांमधल्या शिवणींत कधीकधी बारीक सुटी हाडं असतात, त्यांना वर्मियन हाडं म्हणतात. एखाददुसरं निरोगी मुलातही सापडतं. पण दहाहून जास्त, फुटक्या फरशीच्या तुकड्यांसारखी दाटीने बसलेली दिसली तर शंका बळावते. मांडीच्या फिल्ममध्येही नजर फक्त मोडलेल्या जागेवर नसते. हाडाची पांढरी कड पातळ आहे का, हाड बारीक किंवा वाकलेलं आहे का, जुनं फ्रॅक्चर भरून आल्याची खूण आहे का, हे पाहतात. पाठीच्या फिल्ममध्ये मणके चेपलेले दिसू शकतात. मुडदूस या हाडांच्या दुसऱ्या आजारात मात्र वाढत्या हाडांची टोकं रुंद आणि विसविशीत होतात.

फिल्म चांगली आली म्हणून निर्धास्त होऊ नका. सौम्य प्रकारात हाडं अगदी नेहमीसारखी दिसू शकतात, कारण बरेच क्षार कमी झाल्याशिवाय साध्या एक्स-रेत फरक दिसत नाही. खात्रीसाठी जनुकीय तपासणी करतात.

‘कसा पडला?’ हे तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारतील. लहान मुलाचं हाड वारंवार मोडलं की मारहाणीची शक्यताही डॉक्टरांना तपासावीच लागते. ते मनाला लागतं, मला कळतं. पण घडलं तसं सांगा. सगळ्या जुन्या फिल्म सोबत न्या, आणि सासरी-माहेरी कुणाला तरुणपणीच कमी ऐकू यायला लागलं होतं का, हेही विचारून ठेवा. या आजारात तेही होतं.