आपले पुस्तक, आपणच प्रकाशक

भाषणातील विचार न पटल्याने लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषदच रद्द केली. तेव्हा १९३६ साली बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. दीड हजार प्रतींची इंग्रजी आवृत्ती दोन महिन्यांत संपली.

आज एवढ्या प्रती एकदम छापाव्या लागत नाहीत. मागणीनुसार छपाईत हव्या तेवढ्याच प्रती निघतात. प्रतीमागे खर्च मात्र अधिक पडतो. आयएसबीएन क्रमांक शासनाकडून विनामूल्य मिळतो. करारावर सही करण्यापूर्वी स्वामित्वहक्क आपल्याकडेच राहतो ना, हे नव्या लेखकाने तपासावे.

मांजरीच्या या वसतिगृहात वाढलेल्या माजी विद्यार्थ्यांना आम्ही आवाहन करतो : आईवडिलांना बोलते करा, त्यांच्या आठवणी लिहून घ्या. वीसच प्रती छापल्या, तरी उद्याच्या इतिहासकाराला तो अस्सल पुरावा ठरेल.