हुपाओचा झरा : शिक्षक, शिष्य आणि एक वचन

पूर्व चीनमधील हांगझोऊ हे शहर तेथील पश्चिम सरोवरासाठी विख्यात आहे. या सरोवराच्या नैर्ऋत्येस ताचि नावाचा डोंगर असून त्याच्या नावाचा अर्थ 'महामैत्री' असा होतो. डोंगराच्या पायथ्याशी हुपाओ नावाचा प्राचीन झरा आहे. आम्ही तेथे गेलो ते केवळ झरा पाहावा एवढ्याच हेतूने. परतलो ते मात्र एका शिक्षकाची आणि त्याच्या शिष्याची कथा सोबत घेऊन. ती आमच्या विद्यालयाच्या परिवारापुढे ठेवावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रवेशद्वारातून आत जाताच उंच वृक्षांच्या सावलीतून वाट वर चढते आणि तिच्या कडेने पाण्याचा बारीक प्रवाह खाली वाहत असतो. शहरातील वयोवृद्ध नागरिक डबे घेऊन पाणी भरण्यास येतात. जवळच्या लुंगचिंग परिसरातील चहा हुपाओच्या पाण्यातच करावा, असा तेथील जुना संकेत आहे.

'हु' म्हणजे वाघ आणि 'पाओ' म्हणजे येथे पंजाने जमीन उकरणे. हे नाव एका दंतकथेवरून पडले. तांग राजवटीत, इसवी सनाच्या नवव्या शतकात, एक भिक्षू येथे राहावयास आले. स्थान निवांत होते, परंतु पाणी नव्हते. ते निघून जाण्याच्या विचारात असता त्यांना स्वप्न पडले की दक्षिणेकडील हेंग पर्वतावरील 'बालझरा' दोन वाघ येथे आणतील. दुसऱ्या दिवशी दोन वाघांनी जमीन उकरली आणि पाणी उसळले, असे सांगतात. निद्रिस्त भिक्षू आणि वाघ यांचे शिल्प तेथील खडकात कोरलेले आहे.

कथेचा आदर राखूनही कारणाचा शोध घेणे हे आपले कर्तव्य ठरते. हा डोंगर क्वार्ट्झयुक्त वालुकाश्माचा आहे. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून मंद गतीने झिरपते आणि उतारावर, जेथे वाट मिळते तेथे, प्रकट होते. हा खडक पाण्यात सहजी विरघळत नाही. त्यामुळे या पाण्यात क्षारांचे प्रमाण अल्प असते. पेला काठोकाठ भरून त्यात हलकेच एकेक नाणे सोडले, तर पाणी न सांडता काठाच्या वर फुगलेले दिसते. हा पृष्ठताणाचा परिणाम होय. स्वच्छ पाण्यात तो सर्वत्र दिसतो. विद्यार्थ्यांनी घरीही करून पाहावा. आज झऱ्यात दिसणारे पाणी आज पडलेले नसते. पटिच्चसमुप्पादाचा अर्थ समजावून देण्यास याहून सोपे उदाहरण आम्हांस सुचत नाही.

झऱ्याच्या परिसरातच एक स्तूप आहे. तो भिक्षू हुंगयी यांचा. त्यांचे पूर्वीचे नाव ली शुथुंग. १८८० मध्ये तिएनचिन येथे जन्मलेल्या या कलावंताने जपानमध्ये चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि पुढे हांगझोऊच्या शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयात चित्रकला व संगीत हे विषय शिकविले. त्यांची शिस्त आवाज चढवून चालत नसे. एकदा वर्गाबाहेर पडताना एका विद्यार्थ्याने दार जोराने आपटले. गुरुजींनी त्यास परत बोलावले, पुढील वेळी दार हळू लावावे, असे मृदू स्वरात सांगितले, त्यास नम्रपणे वाकून अभिवादन केले आणि स्वतः दार हलकेच ओढून घेतले.

१९१६ च्या हिवाळ्यात ते उपवासासाठी हुपाओच्या विहारात येऊन राहिले. तेथील शांत जीवनाचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला आणि १९१८ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, त्यांनी याच विहारात प्रव्रज्या घेतली. उर्वरित आयुष्य त्यांनी विनयाच्या अभ्यासास आणि काटेकोर आचरणास वाहिले. १९४२ मध्ये छ्वानझोऊ येथे त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या अस्थींचा काही अंश हुपाओ येथे आणण्यात आला. येथील स्तूप उभारण्यात त्यांचे विद्यार्थी, चित्रकार फंग चिखाय, यांचा पुढाकार होता.

या शिष्याची गुरुदक्षिणा आगळी होती. गुरूंच्या ५० व्या वर्षानिमित्त त्यांनी प्राणिमात्रांच्या जीवरक्षणाविषयी ५० चित्रे काढली आणि गुरूंनी त्यांसोबतचा मजकूर आपल्या हस्ताक्षरात लिहिला. ६० व्या वर्षी ६० चित्रे झाली. पुढेही दर दहा वर्षांनी ७०, ८०, ९० आणि १०० चित्रे काढावीत, अशी इच्छा गुरूंनी पत्राने कळविली. आयुष्याने साथ दिली तर आज्ञा पाळीन, असे शिष्याने उत्तर दिले. थोड्याच वर्षांत गुरू निवर्तले. वचन मात्र राहिले. १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत फंग यांची जाहीर निर्भर्त्सना झाली आणि त्यांची चित्रे दोषी ठरविण्यात आली. अशा काळात त्यांनी पहाटे उठून, गुप्तपणे, शेवटची १०० चित्रे रेखाटली. गुरूंचे शंभरावे वर्ष उजाडण्यास अवधी होता, तरी आपल्या आयुष्याचा भरवसा नाही हे ओळखून त्यांनी १९७३ मध्येच ते कार्य पुरे केले. १९७५ मध्ये ते वारले. सहा भाग, एकूण ४५० चित्रे!

तपासणारे कोणी उरले नव्हते. वचन मोडले असते, तर कोणी जाबही विचारला नसता. उलट ते पाळण्यातच धोका होता. मग ते पाळण्याचे बळ कोठून आले? आम्हांस त्या हलकेच लावलेल्या दाराची आठवण होते. शिक्षकाने वर्गात जे पेरले, ते अर्धशतकाहून अधिक काळाने, शिक्षक हयात नसताना, शिष्याच्या हातून प्रकट झाले.

आमच्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या प्रत्येकाजवळ अशी एखादी आठवण असेल : रात्री कंदील घेऊन फेरी मारणारे गुरुजी, आजारपणात उशाशी बसलेल्या बाई, न रागावता दुरुस्त करून दिलेली वही. त्या वेळी तिचे मोल कळले नसेल. हा अंक हाती घेताना माजी विद्यार्थ्यांनी अशी एक आठवण आपल्या मुलांना अवश्य सांगावी, आणि गुरुजनांपैकी जे हयात आहेत त्यांची भेट घ्यावी, एवढीच विनंती.