वाटाण्याएवढं

माझी त्वचा नाजूक नाही, खाष्ट आहे. शाळेत असताना टिकलीच्या गोंदानं कपाळावर गोल चट्टा उठायचा, साबण बदलला की गाल लाल व्हायचे. हे पक्कं माहीत असूनही तेविसाव्या वर्षी, मावसबहिणीच्या लग्नाला वीस दिवस उरलेले असताना, मी एक टक्का रेटिनॉलचं सीरम मागवलं. हनुवटीवरच्या पिंपल्सचे डाग लग्नाच्या फोटोंत नको होते, एवढंच.

आठवड्यातून दोनदा लावा, असं बाटलीवर बारीक अक्षरांत छापलं होतं. मी रोज लावलं. तेही ड्रॉपर भरून, तोंड धुतल्या धुतल्या, ओल्या चेहऱ्यावर. तीन दिवस काहीच दिसेना, म्हणून चौथ्या रात्री आधी स्क्रबनं चेहरा खसखसून घासला. आठव्या दिवशी नाकपुड्यांच्या कडा सोलवटल्या, ओठांचे कोपरे चिरले, साध्या पाण्यानंही आग व्हायला लागली. मला वाटलं, हेच ते 'पर्जिंग', आतली घाण बाहेर पडतेय. या एका शब्दापायी मी आणखी पाच रात्री ते सीरम लावत राहिले.

मग पार्लर. वरच्या ओठाला वॅक्स करताना पार्लरवालीनं काही विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. पट्टीबरोबर कातडीही निघाली. हळदीला मामीनं हौसेनं दोन्ही गालांवर हळद फासली आणि मी मांडवातून थेट बाथरूममध्ये पळाले. मावशी धावत आली ती कपाटातली 'गोरं होण्याची' ट्यूब घेऊन. लावली नाही, हे माझं नशीब.

त्वचेच्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी त्या ट्यूबचीच चौकशी केली. अशा बऱ्याच ट्यूबांत ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन आणि स्टेरॉइड एकत्र असतं. या मिश्रणाचं मूळ अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकी डॉक्टरांनी 1975 साली मांडलेल्या फॉर्म्युल्यात आहे. ते काळ्या डागांवरचं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायचं औषध. आपल्याकडे ते फेअरनेस क्रीमसारखं वर्षानुवर्षं चोपडलं जातं, आणि चेहऱ्याला स्टेरॉइडची सवय लागते ती सुटता सुटत नाही.

रेटिनॉल त्वचेत शिरल्यावर दोन टप्प्यांत रेटिनॉइक ॲसिड बनतं, आणि त्याच्यामुळे नव्या पेशी भराभर वर येऊ लागतात. वरचं कुंपण तेवढ्या वेगानं सावरत नाही, म्हणून आग आणि पापुद्रे. पर्जिंगमध्ये नेहमीच्याच जागी पुळ्या येतात. जिथे कधी पुळी आली नाही तिथे जळजळ होत असेल, तर ती इजा आहे, आणि बाटली त्याच रात्री बंद करायची. आपल्या सावळ्या-गव्हाळ वर्णाला तर हे महागात पडतं. लाली चार दिवसांत ओसरते, पण तिच्या मागे राहिलेला तपकिरी डाग महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतो.

दीड महिना फक्त सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन. मग डॉक्टरांना विचारूनच पुन्हा सुरुवात केली, या वेळी 0.1 टक्क्यानं. (युरोपीय महासंघानं चेहऱ्याच्या प्रसाधनांत रेटिनॉलची मर्यादाच 0.3 टक्के ठरवली आहे, हे मला नंतर कळलं. माझं पहिलं सीरम त्याच्या तिपटीहून जास्त होतं!) आधी आठवडाभर कानामागे लावून पाहिलं. नंतर दर तिसऱ्या रात्री, पूर्ण कोरड्या चेहऱ्यावर, आधी मॉइश्चरायझर, मग वाटाण्याएवढं रेटिनॉल, वरून परत मॉइश्चरायझर. वाटाण्याएवढं म्हणजे अख्ख्या चेहऱ्याला मिळून. नाकपुड्या आणि ओठांचे कोपरे यांवर आधी व्हॅसलीन. त्या रात्री दुसरं कुठलंही ॲसिड नाही, स्क्रब तर मी कचऱ्यातच टाकला. वॅक्स करायचं असेल तर आठवडाभर आधी रेटिनॉल बंद, आणि पार्लरमध्ये आपणहून सांगायचं. सनस्क्रीन लावायचा कंटाळा असेल, तर रेटिनॉलच्या वाटेला न गेलेलंच बरं.

फरक दिसायला तीन महिने लागले, म्हणजे वीस दिवसांचा माझा हिशेब मुळातच चुकीचा होता. डॉक्टर तर म्हणाल्या, विशीत सुरकुत्यांच्या भीतीनं हे लावायची काही गरजच नाही, आणि पिंपल्सचाच त्रास असेल तर ॲडापॅलीनसारखं औषध चिठ्ठीवर मिळतं.

लग्न मे महिन्यातलं. वरच्या ओठावरचा तपकिरी पट्टा दिवाळीपर्यंत टिकला. पुढच्या वर्षी तीच मावसबहीण माझा चेहरा निरखत म्हणाली, "ताई, ती बाटली दे ना मला." तिच्याकडे पाळण्याचा विचार चालू होता. गरोदरपणात आणि त्याच्या तयारीतही रेटिनॉल लावू नये असं डॉक्टर सांगतात. मी तिला सनस्क्रीनची ट्यूब दिली. ती जरा हिरमुसली.