जीवनसत्त्वांची कमतरता : जसं ताट, तसा आजार

विज्ञानाच्या तासाला आपण एक तक्ता पाठ करून घेतो. ‘अ’ च्या अभावी रातांधळेपणा, ‘ब१’ च्या अभावी बेरीबेरी, ‘ड’ च्या अभावी मुडदूस. मुलं तक्ता बरोबर लिहितात. पण हे आजार नेमके कुठे होते आणि आज काय स्थिती आहे, हे त्यात येत नाही.

१) तांदळाचा किनारा : आंध्रच्या किनारपट्टीवर पूर्वी बेरीबेरी आढळे. तिथे पॉलिश केलेला तांदूळ खात. कोंड्याबरोबर ‘ब१’ निघून जाई. उकडा तांदूळ खाणाऱ्यांना हा त्रास फारसा नसे, कारण भात उकडताना कोंड्यातलं ‘ब१’ दाण्यात मुरतं. आपल्या कोकण-गोव्यातला उकडा तांदूळ तोच.

२) ज्वारीचं पठार : दख्खनच्या पठारावर गरीब मजुरांना पेलाग्रा होई. उन्हात उघड्या राहणाऱ्या मानेवर, हातापायांवर काळपट, खरखरीत चट्टे पडत. हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनी यावर संशोधन केलं. ज्वारीत ल्युसिन जास्त असतं, त्यामुळे नायसिनचं गणित बिघडतं, असं त्यांनी मांडलं. भाकरीसोबत डाळ-दूध असलेल्या घरात हा आजार होत नसे. नुसत्या भाकरीवर जगणाऱ्यांना तो गाठे. पुढे आहार बदलला आणि पेलाग्रा दुर्मीळ झाला.

३) रातांधळेपणा : १९७० मध्ये लहान मुलांना दर सहा महिन्यांनी ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. लसीकरण वाढलं, आहार थोडा सुधारला. ‘अ’ च्या अभावी अंध होणारी मुलं आता क्वचितच दिसतात.

मग प्रश्न संपला का? नाही. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातल्या सुमारे ३१ टक्के मुलामुलींत ‘ब१२’ ची, तर २४ टक्क्यांत ‘ड’ ची कमतरता आढळली. ‘ब१२’ दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळतं. ‘ड’ साठी अंगावर ऊन लागतं; खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही.

आपल्यासाठी महत्त्वाचं ते इथे आहे. पूर्वीची कमतरता डोळ्यांत, कातडीवर दिसायची. आजची बऱ्याचदा दिसतच नाही. मूल थकतं, लक्ष लागत नाही, पाय दुखतात म्हणतं आणि आपण त्याला ‘आळशी’ म्हणून मोकळे होतो. शिक्का मारण्याआधी पालकांशी बोला. थकवा टिकून असेल तर डॉक्टरांना दाखवू द्या. स्वतःहून गोळ्या मात्र नकोत. ‘अ’ आणि ‘ड’ शरीरात साठतात आणि जास्त झाले तर अपाय करतात.

वर्गात करून पाहा : मुलांना तीन दिवस काय खाल्लं आणि किती वेळ उन्हात खेळलो, ते वहीत लिहायला सांगा. कोणाची वही सर्वांसमोर वाचू नका. घरची गरिबी उघडी पडता कामा नये. मग प्रत्येकाने आपल्याच ताटात काय कमी आहे ते शोधावं. तक्ता तेव्हा खरा समजेल.